पैलवानाचा खुराक

किसनचा अंदाज कधी चुकायचा नाही. समोरचा गडी किती वजनाचा, हे तो नुसता कमरेला हात घालून सांगायचा. म्हणून त्या सकाळी गोठ्यात घेरी येऊन पडलेल्या बायकोला त्याने उचललं, तेव्हा आधी त्याचे हात घाबरले आणि मग तो. सातव्या महिन्यातली बाई, पोटात पोर, आणि हातांना ओझं म्हणून जाणवेना.

एकोणऐंशी सालचा फाल्गुन होता. घर पौडपासून दीड कोसावर. किसनने बैलगाडी जुंपली, तीत गवत पसरलं, वर वाकळ टाकली आणि इंदूला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं.

नर्सबाई पन्नाशीच्या, बोलायला तिखट. त्यांनी इंदूच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, वजन केलं.

"काय खातेस गं?"

"खाते की. समदं खाते," इंदू मान खाली घालून म्हणाली.

बाई किसनकडे वळल्या. "काल रात्री काय जेवली ही?"

किसन आठवू लागला. स्वतः काय जेवला ते त्याला घासाघासाने आठवत होतं. इंदूच्या ताटात काय होतं, ठाऊक नव्हतं. काल नाही, परवा नाही, लग्न झाल्यापासून कधीच नाही.

"आमी जेवून उठलो, की मंग बायका बसत्यात," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या मानेकडे पाहिलं, मग इंदूच्या मनगटाकडे. "पैलवान दिसता. खुराक काय असतो तुमचा?"

हा प्रश्न त्याला पाव्हण्यारावळ्यांत नेहमी विचारला जायचा. सवयीने छाती काढून तो सांगू लागला, "सकाळी दोन शेर दूध, मूठभर बदामाची थंडाई, सा अंडी, सांच्याला..." आणि मध्येच त्याचा आवाज बसला. भिंतीला टेकून बसलेल्या बायांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. दुसरी उघडच हसली. किसनला वाटलं, लंगोट सुटून आपण भर फडात उभे आहोत.

बाई हसल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या देत म्हणाल्या, "जेवणानंतर एक. चहाबरोबर घ्यायची नाही. रोज दूध, अंडं, डाळ, पालेभाजी. भाकरी पोटभर. पाणी भरपूर प्यायचं आणि दुपारी घटकाभर आडवं व्हायचं. नुसत्या चहावर भूक मारायची नाही. हे तिला सांगून उपयोग नाही, तुम्हाला सांगतेय."

परतीच्या वाटेवर किसन गाडी हाकत होता. मग मागून इंदूचा बारीक आवाज आला.

"अवं, येक सांगू? मारायचं न्हाई."

किसनने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तरी ती असं म्हणाली.

"म्या बदाम खाल्लं. दोनदा. तुमची थंडाई वाटताना. येकडाव येक आन येकडाव दोन. आत्याबायला सांगू नगा."

दवाखान्यात झालेली चौकशी त्या चोरीचीच आहे, असं तिला वाटत होतं. किसनच्या हातातला कासरा ढिला पडला. तिच्याकडे वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही. बैल आपल्या मनानेच घराकडे चालत राहिले.

सांजेला धार काढल्यावर त्याने आपला पेला इंदूपुढे धरला. चुलीपाशी बसलेली त्याची आई, साळूबाई, ताडकन उठली.

"किसना, जत्रंतली कुस्ती पंधरा दिसांवर आलीया, आन दूध हिला? आमी काय दूध पिऊन बाळंत झालो? पोर मोटं झालं मंजी अडंल ती!"

"नर्सबाईनं सांगितलंय, आये."

"नर्सबाई येणार हाय व्हय जयसिंगाशी कुस्ती धराया?"

किसनने पेला इंदूच्या हातात ठेवला. आईच्या हाडांकडे त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तीही जन्मभर भांड्याच्या तळाचंच खात आली होती. राग धरावा तरी कुणावर? एवढं मोठं अंग घेऊन तोच त्या घरात मध्ये बसला होता.

त्या रात्रीपासून त्याने इंदूचं ताट स्वतःच्या ताटाबरोबर वाढायला लावलं. पण ती खाईना. भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसती बसायची.

"तुमी बगू नगा. मला खाववत न्हाई."

मग तो तिच्याकडे पाठ करून बसला. त्याला ऐकू येत होतं. आधी हळूहळू, मग घाईघाईने, कुणी ताट ओढून नेईल अशा भीतीने ती खात होती. त्याने आपलं ताट बाजूला सारलं.

अर्धं दूध तिला, अर्धं त्याला. अंडी तीन-तीन. तालमीत वस्ताद हैबतरावांच्या ध्यानात आलंच. "दम कमी पडतोय तुझा," ते म्हणाले. खरं कारण किसनने सांगितलं नाही.

चैत्रात भूगावच्या जत्रेत कुस्ती लागली. पाव तास तो जयसिंगाला झुंजवत होता. मग पाय जड झाले, छाती भरून आली आणि जयसिंगाने घिस्सा डाव मारून त्याला चीत केलं. हलग्या वाजल्या, लोक ओरडले. पाठीला माती लागलेली, डोळ्यांत ऊन. आणि त्या क्षणी किसनच्या मनात पहिला विचार आला तो असा: ते दूध तिला दिलं नसतं तर.

विचार आला आणि गेला. पण आला होता, हे त्याला ठाऊक होतं.

गावात साळूबाईने बोंब केली, "बायकूला दूध पाजलं म्हणून पडला." पारावर लोक हसले. ते हसणं किसनला लागलं नाही. लागत होता तो मैदानातला विचार. इंदू पेला तोंडाला लावायची, तेव्हा तो उठून बाहेर जायचा.

इंदूला माहेर नव्हतं. वैशाखाच्या शेवटी ती दवाखान्यातच बाळंत झाली. मुलगी. लहानखुरी, सुरकुतलेली, पण रडणं खणखणीत. बाईंनी तिला कापडात गुंडाळून किसनच्या हातात दिली.

"वजन कमीच आहे. शेवटचे दोन महिने खाल्लं म्हणून एवढी तरी भरली. चौथ्या महिन्यापासून खाल्लं असतं तर चांगली भरली असती. आता अंगावर पाजायचीय, म्हणजे आईला आणखी खायला लागेल. ध्यानात ठेवा."

बाई गेल्यावर किसन खाटेशी उकिडवा बसला. मुलीला त्याने इंदूच्या कुशीत ठेवलं. मग त्याने इंदूला मैदानातलं सगळं सांगितलं. पाठ टेकली तेव्हा मनात काय आलं, तेही. सांगताना त्याची मान वर होईना.

इंदूने ऐकून घेतलं. मुलीचं टोपडं नीट केलं.

"येकदाच आलं नव्हं मनात?" ती म्हणाली. "मला तर रोज यायचं. तुमी जेवाया बसला, की म्या दाराआडून बगायची. वाटायचं, आज ह्यो गडी पेल्यात घोटभर ठिवील."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर किसनला बरं वाटलं असतं.

"कदी ठिवला न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," इंदू म्हणाली, आणि रडू लागलेल्या मुलीला तिने छातीशी घेतलं.