फीडर कोण भरणार

रानडुकरांनी हरणांना मका टाकणारं आमचं जुनं फीडर आडवं केलं ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तीन पायांतला एक पाय तळाशी गंजून पापडासारखा झाला होता. डुकरांनी त्याला नुसतं अंग घासलं असेल. पिंप फुटलं, मका सांडला आणि दोन दिवसांत एक दाणा उरला नाही. माझ्या नवऱ्यानं, हिल्मरनं, टोपी मागे सारून ते सगळं बघितलं आणि म्हणाला, "व्हर्ना, आता असं घ्यायचं की वीस वर्षं बघायला नको."

हिल्मर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे.

लॅनो गावाच्या पश्चिमेला हे शिकारीचं रान आम्ही सात घरांनी मिळून भाड्यानं घेतलं आहे, त्याला आता चाळीस वर्षं होतील. प्रत्येकाचं एक मचाण आणि मचाणासमोर एक फीडर. पिंपात मका, पिंपाखाली मोटरवर फिरणारी चकती. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेपाचला चकती मका उधळते आणि हरणं पाच मिनिटं आधीच येऊन उभी राहतात. घरातली माणसं जेवायला कधी इतकी वेळेवर आलेली मी पाहिली नाहीत.

आमच्यात एक नियम आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सगळे जमतात, एकेका फीडरपाशी जातात, आणि ज्याचं त्यानं भरायचं. पन्नास पौंडांचं पोतं खांद्यावर घ्यायचं, शिडी चढायची आणि वर जाऊन रिकामं करायचं. ज्याला जमणार नाही त्यानं आपली जागा सोडायची. हा नियम केला हिल्मरनंच. आणि जुलैत हाच हिल्मर आमच्या धान्याच्या शेडमध्ये शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पाठीवर पडला. खांद्यावर पोतंसुद्धा नव्हतं. उठायला त्याला बराच वेळ लागला. उठल्यावर पहिलं वाक्य काय, तर "रॉयसला सांगितलंस तर बघ." रॉयस टॅकेट आमच्या रानाचा कारभार बघतो. मी शब्द दिला आणि दिल्या क्षणापासून पस्तावले. मचाण सुटलं तर हिल्मर हिवाळाभर खिडकीत बसून मला भाजी कशी चिरायची ते शिकवणार, हे मला दिसत होतं. आणि तो आतून मोडणार, हेही.

लुपे कान्तूचं दुकान गावाच्या टोकाला आहे. चारा, मका, तारा, फीडर, सगळं मिळतं. बापाच्या मागे तिनंच ते उभं ठेवलं.

"या मिस व्हर्ना. मिस्टर हिल्मर, डुकरांनी पाडलं म्हणे? अख्खा तालुका बोलतोय."

"अख्ख्या तालुक्याला दुसरी कामं नाहीत," हिल्मर म्हणाला आणि मागच्या अंगणात गेला.

लोक घोडा विकत घेताना बघतात तसं त्यानं एकेक फीडर बघितलं. पिंपावर बोटानं टकटक केलं, पायाला बुटानं ढोसलं, झाकण उघडून आत नाक घातलं. प्लास्टिकचं पिंप लगेच बाद, कारण खारी कुरतडतात. रंग दिलेलं बाद, कारण रंग दोन उन्हाळ्यांत उडतो आणि मग गंज धरतो. जस्ताचा मुलामाच पाहिजे. झाकणाला पक्की कडी पाहिजे, नाहीतर दव आत जाऊन मक्याला बुरशी येते. चकतीभोवती लोखंडी पिंजरा पाहिजे, कारण रॅकून, ते मांजराएवढे चोरटे प्राणी, पिंपाला लटकतात, हात घालून चकती फिरवतात आणि रात्रीत पिंप रिकामं करतात.

"आमच्या जावयापेक्षा हुशार आहेत," मी म्हटलं.

"त्यात काय कठीण आहे?" हिल्मर म्हणाला.

शेवटी तो एका फीडरपाशी थांबला. जाड नळीचे तीन पाय, दणकट पिंप, एका बाजूला जोडलेली शिडी, झाकण जमिनीपासून नऊ फुटांवर. त्यानं खांदा लावून ढकलून पाहिलं. ते तसूभर हललं नाही.

"याच्यावर बैल घासला तरी पडणार नाही," लुपे म्हणाली. "डुकरांचं सोडाच. पण मिस्टर हिल्मर, हे एकदा बघा ना." तिनं शेजारचं दाखवलं. "पत्रा तोच, मुलामा तोच, पिंजरा तोच. फक्त बुटकं आहे. जमिनीवर उभं राहून छातीच्या उंचीवर झाकण उघडायचं आणि ओतायचं. भोवती जाळी ठोकली की डुकरं आत येत नाहीत, हरणं उडी मारून येतात."

"हे म्हाताऱ्यांचं आहे."

"यंदा सगळ्यांत जास्त हेच खपलं."

"म्हणजे म्हातारे वाढलेत."

लुपेनं माझ्याकडे बघितलं. तिला बरंच कळतं. "बरं, उंचच देते," ती म्हणाली. "डुक्कर, बैल, गारा, कशानं काही होणार नाही त्याला. पण भरायला वर कोण चढणार?"

"मी," हिल्मर म्हणाला. "दुसरं कोण?"

येताना पिकअप मी चालवली. अर्ध्या रस्त्यात राहवलं नाही. "जगातल्या सगळ्या जनावरांचा विचार केलास," मी म्हटलं, "फक्त स्वतःचा सोडून."

"नियम आहे, व्हर्ना. बुटकं फीडर घेऊन नियम पाळला असं मी म्हणणार नाही. ओटोला तो लावला ना मी?"

ओटो बेरेन्ट्स आमच्यातला सगळ्यांत थोरला होता. तीस वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले. दोन वर्षं हिल्मर त्याचं फीडर भरत होता, मग वैतागला, आणि मग हा नियम आला. ओटो एका शब्दानंही भांडला नाही. फाटकाची किल्ली दिली, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला. त्यानंतर तो रानाच्या रस्त्यालाही कधी दिसला नाही. त्या वेळी मी आठवडाभर हिल्मरशी बोलले नव्हते, आणि त्या आठवड्याचं काही माझ्यात अजून शिल्लक होतं.

शनिवारी सगळे आले. मी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज घेऊन गेले होते. सहा फीडर भरून झाली, चेष्टामस्करी झाली. रॉयस कण्हतकुथत चढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याला बाळंतपणाला न्या." सगळ्यांत शेवटी आमचं. नवं कोरं, उन्हात चकाकणारं.

हिल्मरनं पोतं खांद्यावर घेतलं आणि चढला. एक पायरी, दोन, तीन. चौथ्या पायरीवर थांबला. आधी वाटलं दम घेतोय. मग त्याचा डावा पाय थरथरायला लागला, इतका की शिडी वाजायला लागली. बाकीचे पुरुष आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मी खाली शिडी धरून उभी होते.

तो उतरला. पोतं खाली ठेवलं.

"वारा फार आहे वर," रॉयस म्हणाला. पानसुद्धा हलत नव्हतं. "आणा, मी टाकतो."

"नाही."

"हिल्मर, नियम तुमचाच आहे. तुम्ही मोडा म्हणालात तर आत्ता मोडू. कुणाची हरकत आहे का रे?"

कुणाचीच नव्हती. आणि हिल्मरला नेमकं तेच सोसेना. त्यानं टोपी काढली.

"ओटोनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "याच जागी, सगळे जेवायला गेल्यावर. बादलीनं थोडं थोडं भरलं तर चालेल का, म्हणाला. एका पोत्याच्या चार बादल्या. मी म्हटलं, पोतं म्हणजे पोतं. चुकलं माझं. त्याला जमलं असतं. मला त्याची कटकट नको होती, बस. नियम मोडू नका. माझं नाव काढा."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. माझा राग एकदम तिथेच उभा राहिला, ताजा, आणि त्याच वेळी वाटलं, जाऊन ह्या माणसाला धरावं. दोन्ही खरं होतं. मी शिडी सोडली नाही.

मग रॉयस म्हणाला, "नाव काढत नाही. नियम काढतोय."

"माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी कोण करतंय? माझा गुडघा बघितला नाहीत आज? तीन वर्षांनी तुमच्या जागी मी असेन, आणि ही सगळी हरामखोर पोरं खाली उभी राहून हसत असतील." तो इतरांकडे वळला. "भरायचं आपलं आपण. पोत्यानं, बादलीनं, चहाच्या कपानं, ज्याला जसं जमेल तसं. शिडी पाहिजेच असं नाही."

सोमवारी लुपेच्या माणसांनी उंच फीडर परत नेलं आणि बुटकं आणून उभं केलं. लुपेनं एकही टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता. जाळी ठोकायला दोन दिवस गेले. गुरुवारी दुपारी आम्ही दोघंच मका घेऊन गेलो. हिल्मरनं पोतं पिकअपच्या मागच्या फळीवरच उघडलं, बादलीत ओतलं, फीडरपर्यंत चालत गेला आणि झाकण उघडून बादली रिकामी केली. मग दुसरी. मला हात लावू देईना. तिसऱ्या बादलीला घाम पुसत फळीला टेकला.

"ओटोच्या वेळी तुला राग आला होता माझा," तो म्हणाला.

"हो."

"अजून आहे?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "आहे," मी म्हटलं. "शनिवारपासून जास्त आहे."

त्यानं मान हलवली. बादली भरली, उचलली, दोन पावलं गेला आणि थांबला. मग परत आला आणि ती माझ्या हातात दिली.