भोंग्याआधीचे पाणी

वरच्या लयममधल्या, म्हणजे चहामळ्याच्या मजुरांच्या खोल्यांच्या रांगेतल्या, बायकांना दारात नळ हवा होता आणि आमच्या मुकादमाला, मुरुगेसु कंगाणीला, क्रिकेट बघण्यासाठी हॉल. मळ्याच्या कल्याणनिधीत त्या वर्षी एकाच कामापुरते पैसे होते. आमचे मळ्याचे साहेब, हेरत दोरै, वयाने तरुण, पण हिशेबी माणूस. समितीच्या बैठकीत दोन्ही बाजूंचा आरडाओरडा शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"टीमेकर, तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. लयममध्ये कोणाचा दिवस कसा जातो ते मोजून आणा. पगारी काम किती, बिनपगारी किती, आराम किती. ज्यांचा वेळ जास्त वाया जातोय, पैसे त्यांना."

हे काम माझ्या स्वभावाला धरून होते. कँडीच्या तंत्रविद्यालयात मी यंत्रकाम शिकलो आणि पुढे निवृत्तीपर्यंत याच मळ्याच्या कारखान्यात टीमेकर म्हणून पाल्याचा चहा केला. सकाळचा भोंगाही माझ्याच हातात असे. यंत्र कुठे अडते हे मोजल्यावाचून कळत नाही, ही शिकवण माझ्या अंगात मुरली आहे. माणसांच्या दिवसालाही ती लागू पडावी, असे मला वाटले.

नळाची सर्वांत जास्त निकड पूवायीला होती. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते. नवरा कोलंबोत दुकानावर, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन लहान मुली. त्या हंगामात पाणी भरता भरता मैदानावरच्या हजेरीला उशीर झाला म्हणून कंगाणीने तिला तीनदा परत पाठवले होते, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली होती. चौथ्यांदा परत गेलेल्या बाईचे नाव कायमच्या हजेरीतून निघून हंगामी मजुरांत जाते, असा आमच्या मळ्याचा नियम आहे. हंगामी बाईला पाला कमी झाला की कामही मिळत नाही.

मी घड्याळ घेऊन एकेका खोलीच्या पायरीवर बसू लागलो. पुरुषांची माहिती सहज मिळाली. खुरपणी-छाटणीचा नेमून दिलेला तुकडा संपला की ते दुपारीच मोकळे होत. पुढचा वेळ पत्ते, गप्पा आणि झोप यांत जाई. बायकांच्या बाबतीत मात्र माझा हिशेब बसेना. मी विचारी, "सकाळपासून सांग." आणि प्रत्येक बाई एकाच जागेपासून सुरुवात करी.

"भोंगा झाला, मैदानावर गेले, टोपली घेतली..."

"आणि भोंग्याआधी?"

"भोंग्याआधी काही नाही, तात्ता."

लयममध्ये मी सगळ्यांचा तात्ता, म्हणजे आजोबा; दहा घरांत दहा वेळा हेच उत्तर मिळाले. अकरावे घर पूवायीचे.

"काही नाही कसं?" मी म्हणालो. "अगं, मी जन्मात गजराचं घड्याळ घेतलं नाही. तुम्हा बायकांच्या घागरींच्या आवाजानेच मला जाग येते. तो खणखणाट मग भुतं करतात का?"

पूवायी हसली. "ते होय! ते पाणी हो, तात्ता. त्याला कुठं काम म्हणायचं? ते तर उजाडायच्या आत उरकतं."

त्यांचे खोटे नव्हते. आमच्याकडे दिवस भोंग्याने सुरू होतो. त्याआधी जे घडते ते दिवसात धरायची सवयच कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी मी काठी आणि विजेरी घेऊन त्यांच्यामागून उतारावर गेलो. खाली दगडांत बसवलेली एकच पन्हळ, तिची धार करंगळीएवढी, आणि रांगेत सगळा वरचा लयम. घागर भरायची, निसरड्या पायवाटेने चढायचे, ओतायची, पुन्हा उतरायचे. चार-पाच दिवस मी हे मोजले. रोज सव्वादोन तास पाण्यात जात होते. तेही भोंग्यानंतरच्या संपूर्ण दिवसाला हात लावण्याआधी.

बैठकीत मी माझे निष्कर्ष मांडले. मुरुगेसु कंगाणी खुर्चीत मागे रेलला.

"तात्ता, तुमचं घड्याळ बायकांच्या वासाने जरा जोरात पळतंय!"

"तुमच्या घड्याळाशी जुळवून घेतलं असतं, कंगाणी," मी म्हणालो, "पण ते दुपारी एकला बंद पडतं."

दोरै हसले नाहीत. त्यांनी माझे आकडे दोनदा वाचले आणि मग मान हलवली.

"तुमच्या मोजणीत चूक नाही, टीमेकर. पण भोंग्याआधीचा वेळ मळ्याचा नाही. तो त्यांचा स्वतःचा. त्यात त्यांनी पाणी भरावं नाहीतर गाणी म्हणावीत. मळ्याचं नुकसान कुठे होतंय? पुढच्या सोमवारी हॉलच्या कागदावर सही करू."

मी परत आलो तेव्हा पूवायी चुलीपाशी रोट्या भाजत होती. मी झाले ते सांगितले.

"स्वतःचा म्हणाले?" तिने विचारले.

"हो."

"म्हणजे भोंग्याआधीचा वेळ माझा आणि भोंग्यानंतरचा त्यांचा?"

"तसंच म्हणाले."

तिने तव्यावरची रोटी उलटली. "मग माझ्या वेळात मी झोपेन."

"आणि पाणी?"

"पाणी त्यांच्या वेळात."

माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. ध्यानात आल्यावर मी काळजीत पडलो. "पूवायी, बाकीच्या आल्या नाहीत तर तू एकटी उशिरा पोचशील. ही चौथी वेळ असेल. नाव जाईल तुझं."

"म्हणून तर सगळ्यांना न्यायचंय," ती म्हणाली. रोट्या टोपलीत झाकून तिने सासूला पाणी पाजले आणि ती पहिल्या खोलीकडे निघाली. शेवटच्या खोलीतून ती परतली तेव्हा रोट्या गार झाल्या होत्या.

सोमवारी पहाटे मी जागाच होतो. घागरींची वेळ झाली आणि लयम गप्प राहिला. आमच्या खोल्यांमधल्या भिंती वरपर्यंत गेलेल्या नाहीत. एका टोकाला कुणी कूस बदलली तरी दुसऱ्या टोकाला कळते. मी श्वास रोखून ऐकत होतो. तेवढ्यात दूरच्या खोलीत घागरीची कड जमिनीला लागली. कुणाचा तरी धीर सुटला होता. एकीमागून दुसरी निघाली असती तर पूवायीचे नाव त्याच सकाळी गेले असते.

"कुणाची गं ती घागर?" भिंतीपलीकडून पूवायीचा आवाज आला. "ठेव खाली. झोप!"

"सवय गं मेली, अक्का!" तिकडून उत्तर आले, आणि सगळ्या रांगेत दबलेले हसू पसरत गेले. घागर खाली ठेवल्याचा आवाजही मी स्पष्ट ऐकला.

मग भोंगा झाला. एकेक दार उघडले आणि घागरी घेतलेल्या बायका मैदानाकडे पाठ करून पन्हळीकडे उतरल्या.

मी मैदानावर गेलो. तिथे फक्त पुरुष होते, आणि त्यांची अवस्था बघण्यासारखी होती. घरात पाण्याचा थेंब नसल्यामुळे कुणी तोंड धुतले नव्हते, कुणाला चहा मिळाला नव्हता.

"कंगाणी, तुमच्याकडे तरी झाला का चहा?" एकाने विचारले.

"गप्प बस," कंगाणी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत अजून चिपडे होती.

समोरच्या टेकडीवर पाला भरून आला होता. पावसानंतर चार दिवस ऊन पडले होते; अशा वेळी दोन पाने आणि कळी त्याच दिवशी खुडली नाही तर ती जून होते आणि त्या चहाला भाव येत नाही. हे मला ठाऊक होते आणि मोटारसायकलवरून आलेल्या दोरैंनाही. त्यांनी टेकडीकडे पाहिले, मैदानावरच्या बायकांच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि ते येरझाऱ्या घालू लागले.

बायका आल्या तेव्हा ऊन टेकडीच्या निम्म्यावर उतरले होते. केस विंचरलेले, कपाळाला विभूती, पाठीवर टोपल्या. जणू अगदी वेळेवर आल्या होत्या. पूवायी सर्वांत पुढे होती.

"उशीर झाला," कंगाणी सवयीने म्हणाला.

"झाला ना, कंगाणीअण्णा," पूवायी म्हणाली. "पाठवा परत. माझी तर चौथी वेळ आहे. पण मला एकटीला नाही हं. नियम सगळ्यांना सारखा. अख्खी रांग परत पाठवा."

कंगाणीने दोरैंकडे पाहिले. दोरैंनी माझ्याकडे पाहिले.

"टीमेकर, किती वेळ गेला?"

"सव्वादोन तास, दोरै. परवाही तेवढेच गेले होते. आज ते फक्त भोंग्याच्या अलीकडून पलीकडे सरकलेत."

ते पूवायीकडे वळले. "उद्याही असंच करणार?"

"रोजच," पूवायी म्हणाली. "पहाटेचा वेळ आमचा स्वतःचा ना, दोरै? आम्हाला झोप फार आवडली बघा."

आधी बायका हसल्या. मग पारोसे पुरुषही हसू लागले, आणि माझ्या तोंडूनही हसू फुटले. दोरैंनी टोपी काढून डोके खाजवले. नुकसान कुठे होते, हे त्यांना आता मोजून दाखवावे लागणार नव्हते. ते समोरच्या टेकडीवर उन्हात पसरले होते.

"सगळ्यांची पूर्ण हजेरी लावा," ते कंगाणीला म्हणाले. "आणि संध्याकाळी वरच्या ओढ्यापासून लयमपर्यंत पाइप किती लागेल ते मोजून आणा. तुम्ही स्वतः. टीमेकरांकडून मोजायचं कसं ते शिकून घ्या."

बायकांनी असा काही गलका केला की कारखान्यातली माणसे दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी टेकडीवर त्यांचे हात किती भराभर चालत होते! लॉरी उशिरा आली, पण भरून आली.

कंगाणीने पाइप मोजला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमले. पुढल्या महिन्यात नळ आला. पहिल्या सायंकाळी प्रत्येकीने नुसता सोडून बंद करून पाहिला आणि घरातली सगळी भांडी भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझे दार धडाधडा वाजवू लागले.

"तात्ता! भोंगा होऊन गेला! बरे आहात ना?"

मी दचकून उठलो. घागरी वाजल्या नाहीत म्हणून मला जागच आली नव्हती. ज्या भोंग्याची दोरी मी आयुष्यभर ओढली, तोही ऐकू आला नव्हता. दारात पूवायी उभी होती. टोपली पाठीवर, डोळे टवटवीत, आणि हजेरीला पोचायला तिच्यापाशी अजून पुरेसा वेळ.

जुन्या सवयीने मी घड्याळाकडे हात नेला. "भोंग्याआधी काय केलंस, पूवायी?"

"काही नाही, तात्ता," ती म्हणाली आणि मोठ्याने हसत मैदानाच्या वाटेला लागली.