हाताची घडी

सव्वीस जानेवारीला शाळंपुढं झेंडा झाला आन् वैजनाथ गुरुजी माइकवर म्हनले, "यंदाचं शिस्तीचं बक्षीस, पुनम!" समद्या गावानं टाळ्या वाजवल्या. माझ्या मातर मस्तकात तिडीक गेली. शिस्त! माझ्या पुनमला शिस्त!

तुमी म्हनाल, या बाईला सोताच्या लेकराचं कौतुक बी सोसंना. सांगते, ऐका.

पुनम जन्मापसून बहिरी. सहा वर्षांची व्हईपर्यंत नुसती चिडायची, चावायची, भुईवर डोकं आपटायची. तिला काय पाहिजे ते आमाला कळंना, आन् तिला सांगता येईना. मंग हिंगोलीला बहिऱ्या लेकरायच्या शाळंत घातली, राह्यची सोय तिथंच. तिला सोडून येताना एसटीत मी अशी रडले की शेजारची बाई मला पानी पाजून राहिली व्हती.

दिवाळीला पोरगी आली ती बोलतच आली. हातानं! भाकर, चांदन्या, विंचू, समदं हातानं. मानसायला बी तिनं हातायची नावं दिली. बापाचं नाव मिशीला पीळ. हनुवटीला दोन बोटं लावली की मी, माझ्या गोंदनावरून. तिथलं वरन किती पातळ, कोनती पोरगी झोपंत लाथा मारती, घास खाली ठिवून सांगत बसायची. मी म्हनायची, "अगं भवाने, आधी जेव की!" मला बी शिकवलं. माझं चुकलं की कपाळाला हात मारून घ्यायची. आन् शाबास म्हनायचं तर टाळी न्हाई, टाळी त्यायला ऐकू कुठं येती? दोनी हात वर करून पंजे हलवायचे.

चार वर्षं बरी गेली. मंग ती शाळाच बंद पडली. अनुदान थांबलं म्हनं. आमचे मालक हापिसात गेले तर साहेब गोड हसून म्हनला, "आता अशा मुलांना वेगळं ठेवायचं नाही, भागवतराव. सगळी मुलं एकत्र. गावच्याच शाळेत टाका, दर आठवड्याला आमच्या मॅडम येतील शिकवायला." मालक खूश. लेकरू घरी राहील म्हनून मी बी खूश झाले, खोटं काहून बोलू?

प्रियंका मॅडम आल्या. त्यांचे बी हात बोलायचे. पुनम त्यांचा पदर सोडंना. पन एका बाईच्या गळ्यात अख्खा तालुका बांधलेला. दुसऱ्यांदा आल्या त्या पार पावसाळा सरल्यावर, आन् मंग आल्याच न्हाईत.

वर्गात पुनम शेजारच्या पोरीसंगं हातानं बोलाया जायची. पोरं नकला करून खिदळायची. गोंधळ झाला की गुरुजी वरडायचे, "हाताची घडी, तोंडावर बोट!" तुमी आमी असंच शिकलो. बाकीच्या लेकरायचं तोंड बंद व्हायचं, घटकाभरानं उघडायचं. पुनमला वरडून उपेग न्हाई, म्हनून गुरुजी जवळ जाऊन तिचे हात धरायचे आन् घडी घालायचे. रोज. हे कळलं तशी मी भांडाया गेले.

"गुरुजी, ती त्या हातानंच बोलती! तुमी तिची जीभच बांधून राहिले!"

गुरुजी मानूस वाईट न्हाई. घाम पुसत म्हनले, "शकुबाई, दोन मास्तर, पाच वर्ग. मला तिचं काय कळतंय? ती शांत बसली तर बाकीचे तरी शिकतील."

बाकीचे तरी! घरी येऊन भाकरी थापता थापता मी शिव्या दिल्या. कोनाला द्यायच्या तेच कळंना.

हळूहळू घरी बी तिचे हात थांबले. गुमान जेवायची, आन् भिंतीला टेकून घडी घालून बसायची. शाळंत काय झालं म्हनून मी हातानं इचारायची. ती नुसती बघायची. आतल्या आत जळत व्हते मी.

आन् त्याचंच हे बक्षीस. सरपंचानं वट्यावर तिच्या हातात कंपासपेटी दिली. टाळ्या वाजून राहिल्या, तिला काय त्याचं! मला राहवलं न्हाई. बायामंदी उठून उभी राहिले, दोनी हात वर केले आन् पंजे हलवले, जोरजोरात. बाया पदर तोंडाला लावून हसाया लागल्या. हसा गं, हसा!

पुनमनं मला पाह्यलं. तिचे हात जरा वर आले, कंपासपेटीसकट. मंग तिनं गुरुजीकडं बघितलं.

पोरगी वट्यावरून उतरली. बायातून वाट काढत माझ्यापशी आली, कंपासपेटी खाली ठिवली. माझे वर धरलेले हात तिनं खाली घेतले, त्यायची घडी घातली आन् माझ्या तोंडावर बोट ठिवलं.