मागे काही न ठेवणारी पेन्शन

बस जरा. तिथे नको, त्या खुर्चीची स्प्रिंग बोचते, ही घे. तुझ्या खुर्चीची बैठक भरून होईस्तोवर एक गोष्ट सांगतो. ऐकून माझ्याबद्दल वाईट मत झालं तरी चालेल, पण मधे उठायचं नाही.

चाळीस वर्षं मी खुर्च्या-सोफे शिवले. दुकान स्वतःचं. डोक्यावर साहेब नाही, आणि साहेब नाही म्हणून पेन्शनही नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भाऊ गेल्यावर पुतण्याला मीच वाढवला. काका, काका करत मागे असायचा.

एकदा मला ताप भरला. दुकानातच फोमच्या ढिगामागे आडवा झालो. पुतण्या आला. मी झोपलोय असं समजून माझीच टेप घेऊन दुकान मोजायला लागला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "इथे काचेचं काउंटर बसेल. काका? फार तर वर्षभर काढतील."

मी कूससुद्धा बदलली नाही.

आठवड्याने स्वारी फॉर्म घेऊन हजर. म्हणे काका, तुमच्या म्हातारपणाचं बघायला हवं, सगळी शिल्लक या योजनेत टाका, मरेपर्यंत दर महिन्याला पेन्शन. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्याही मारून आणल्या होत्या. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही रे, ठेवून जा. चष्मा खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तो फॉर्म घेऊन त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, मला वाचायला वेळ लागतो, तुम्हीच सांगा. बाई समजूतदार. म्हणाल्या, यात दोन प्रकार. पुतण्याने भरलाय त्यात पेन्शन कमी, पण तुम्ही गेल्यावर मूळ रक्कम वारसाला मिळते. वारस म्हणून त्याने स्वतःचंच नाव घातलंय. दुसऱ्यात पेन्शन घसघशीत, पण तुम्ही गेलात की खेळ खलास.

"म्हणजे मागे कुणालाच काही नाही? नक्की?"

"नक्की. म्हणून तर फारसं कुणी घेत नाही, आजोबा."

"मग तोच द्या."

तेवढ्यावर थांबलो नाही. शेजारच्या पडदे शिवणाऱ्या बाईंना दुकान हवंच होतं. विकून टाकलं, ते पैसेही त्यातच. आता असं घरीच एखाद-दुसरं काम करतो. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा बजावलं, एकदा टाकलेत की परत निघत नाहीत. तरी सही केली. खरंच वर्षात आटोपलो असतो तर त्या शहाण्याचं खरं झालं असतं आणि माझी चाळीस वर्षं पाण्यात.

मग काय, तंबाखू सोडली. जिना रोज चढतो-उतरतो. तो राहतो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. सकाळी त्याच्या दाराशी थांबून मोठ्याने खाकरतो आणि बरा आहेस ना म्हणून विचारतो. दुकान विकल्याचं कळलं तेव्हा वर आला होता. म्हणाला, "काका, मी तुमचं काय वाकडं केलं?"

म्हटलं, "काही नाही रे. वर्ष संपलं की ये, तेव्हा बोलू."

तोंड असं पांढरं पडलं त्याचं.

आणि ते काउंटर. उतावळ्याने आधीच करायला टाकलेलं. माझ्या टेपचं टोक दोन इंच तुटलेलं आहे, मी वजा करून मोजतो, हे त्याला कुठून माहीत? दोन इंच जास्तीचं आलं, म्हणजे दुकानात पडदेवाल्या बाईंच्याही कामाचं नाही. ज्याने बनवलं तो परत घेईना. आता ते त्याच्याच घरात, दारामागे उभं आहे. आडवा होऊन आत जातो बिचारा.

तीन वर्षं झाली. पण कंपनी दरवर्षी पुरावा मागते की हा माणूस अजून आहे. नात्याबाहेरच्या कुणाची तरी सही लागते. नात्यातली चालली असती तर त्याच्याकडूनच घेतली असती. दरवेळी पडदेवाल्या बाई करतात, त्या यंदा लेकीकडे गेल्यात.

तर हे घे पेन. खाली फुली मारलीय तिथे सही कर, की हा म्हातारा तुझ्यासमोर धडधाकट बसलाय. आणि खुर्ची घेऊन उतरशील तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजव, आणि सही केल्याचं त्याला तुझ्याच तोंडाने सांग.