रागानं फुगलेला भोपळा

एकवीरा आईची शप्पत घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! एक अक्षर खोटं निघालं तर ह्या तोंडाला जन्मात परत सुक्या बोंबलाची चव लागायची नाय. ह्याच्यापेक्षा मोठी शप्पत माझ्याकडं नाय. आमचा सुनील बोलतो, "मोतीकाकीनं शप्पत घेतली की समजायचं, आता टेंपो भरून थापा येणार." त्याचं ऐकू नका. तो भाजी विकतो, त्याला काय कळतंय.

तर कर्जतवरनं खालापूरकडं जाताना डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. गावात धाकलूशेटची भातगिरण हाय, कधीची बंद पडलेली. तिथं दर रविवारी फुकटचा दवाखाना भरतो. भरतो म्हणजे बाजारच भरतो. सकाळी तिथं कबुतरं, दुपारी माणसं, संध्याकाळी परत कबुतरं. डॉक्टरीण रुचिता नेरळवरनं येते, एक पैसा घेत नाय. सुरेखाताई येते मोहोपाड्यावरनं. ती कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली, पण अंगावरचा पांढरा कोट काय सुटत नाय. टेबल शाळेचं, बाकडी देवळातली, पडदा माझ्या जुन्या लुगड्याचा. औषधं कोण कोण पाठवतं. सुनील वाड्यावाड्यांतनं पेशंट आणतो, भाजीच्याच टेंपोतनं, म्हणून निम्म्या पेशंटांना मेथीचा वास येतो. वजन करायला गिरणीचाच काटा, भाताची पोती तोलायचा.

वाशांवर तेव्हा जुना कोंडा साठलेला होता. एकदा वारं सुटलं आणि तो असा खाली आला, असा आला, की आत गेलेली तरणी सून पांढऱ्या केसांची होऊन बाहेर पडली. नवऱ्यानं वळखलीच नाय. सासूला बायको समजून तिलाच सायकलवर बसवून घेऊन गेला. शप्पत.

माझं काम काय विचाराल तर रांग धरून ठेवायची. लोकांचा रोज बुडतो, पोरं घरी असतात, उठून जाऊ बघतात. मी गोष्ट चालू करते आणि अर्ध्यात थांबते. कोण उठत नाय.

आता दवाखान्यात एक बोर्ड हाय. "येथे कुणाकडूनही काहीही घेतले जाणार नाही." तो लावायला कारण झालं. पहिल्या पहिल्यांदा लोक कायबाय आणायचे. कोण तांदूळ, कोण रानातली शेवळं, कोण अंडी. एका बाईनं घरातली एकुलती एक अंड्यावरची कोंबडी आणून टेबलाच्या पायाला बांधली. तेव्हा डॉक्टरीण बोलली, "आजी, हे बंद करायला हवं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, तो लाजेनं येणारच नाही." बरोबरच बोलली. बोर्ड लागला.

आणि त्याच बोर्डानं घोटाळा केला.

वरच्या आदिवासी वाडीची मंगळी माझी जुनी वळखीची. लावणीला, कापणीला आमच्या शेतावर यायची. ह्या वर्षी कापणीत तिच्या पायात धसकट घुसलं. तिला साखर हाय, ते आमच्या दवाखान्यातच कळलं. पायाला जखम झाली, ती भरंना. दोन रविवार ती आली, सुरेखाताईनं पट्टी केली. तिसऱ्या रविवारी येताना डोक्यावर लाल भोपळा घेऊन आली. तिच्या झोपडीवरच्या वेलाचा, पहिला. तेव्हा भोपळा एवढासाच होता, कळशीएवढा. हे ध्यानात ठेवा.

सुरेखाताई गोड हसली. "मावशी, आपण काही घेत नाही. घरी न्या, नातवंडांना खाऊ घाला." आणि बोर्डाकडं बोट केलं.

मंगळीनं बोर्डाकडं बघितलं. तिला वाचता येत नाय. मग तिनं सुरेखाताईच्या तोंडाकडं बघितलं आणि जे वाचायचं ते तिथं वाचलं. भोपळा उचलून डोक्यावर ठेवला आणि पट्टी न करताच चालायला लागली. मी हाका मारल्या, पण ती काय वळली नाय.

पुढच्या रविवारी मंगळी आली नाय. डॉक्टरीण दारापर्यंत दोनदा जाऊन आली.

"दुखत नसेल, म्हणून तिला वाटत असेल बरं झालं," डॉक्टरीण बोलली. "ते दुखत नाही तेच वाईट आहे, आजी. साखरेनं पाय बधिर होतो. जखम आत पसरली तर आधी बोट जाईल, मग पाऊल. मला आजच बघायला हवा तो पाय."

"मी आणते," मी बोलले. "दिवेलागणीपर्यंत थांबशील?"

"थांबते. पण येईल का ती?"

सुनील टेंपोला किल्ली लावता लावता हसला. "न येऊन सांगते कुणाला? काकी गोष्ट सांगेल, मंगळी चालत नाय, उडत येईल."

सुनीलचा टेंपो म्हणजे काय सांगू. चढावर पुढचा गिअर पडतच नाय, रिव्हर्सच पडतो. आमी आख्खा डोंगर उलटं तोंड करून चढलो. वाटेत गावाकडं उतरणाऱ्या लोकांना वाटलं आमी पण उतरतोय, त्यातली दोघं मागं चढून बसली आणि परत आपल्याच वाडीत येऊन उतरली. आमाला शिव्या दिल्या.

वाडीत पोचलो आणि बघते तर काय! तो भोपळा. मंगळीनं तो परत नेऊन झोपडीवर ठेवलेला. पण अपमान झालेला भोपळा तो, राग गिळून गिळून फुगला होता. पहिल्या दिवशी हंड्याएवढा झाला, दुसऱ्या दिवशी घंगाळाएवढा, आणि आता म्हशीएवढा होऊन छपरावर बसलेला. त्याच्या वजनानं झोपडी कमरेएवढी जमिनीत गेली. मंगळीचा नवरा वाघ्या दारातनं रांगत बाहेर आला.

"ये मोतीबाय," तो बोलला. "वाकून ये. भोपळ्यानं दार खाल्लं."

आत मंगळी बसलेली. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या. मी मनात गोष्ट जुळवूनच आले होते. बसले आणि चालू केलं, "मंगळे, अगं तिकडं काय झालं तुला ठाव नाय! कुणाचं कायी घ्यायचं नाय बोलून बोलून डॉक्टरणीच्या हाताचा गुणच गेला गं. आज सकाळी एकाच्या डोळ्यात औषध घातलं, तर त्याला कानानं दिसायला लागलं…"

"म्हातारे," मंगळी बोलली, "थापा तुझ्या भाताच्या कणगीत ठेव."

"थापा कसल्या?"

"सरळ सांग ना. आमच्या हातचं तुमाला चालत नाय."

मंगळीनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"तुज्या शेतात मी रोपं लावली, माझ्या हातानं. तो भात तुमाला चालतो. भोपळा नाय चालत. आमच्याकडं कुणी दिलेलं परत करतात ते सुतकाच्या घरचं. माझ्या घरात कोण मेलंय? हा बघ वाघ्या, जिता हाय."

"जिता हाय," वाघ्या बाहेरनं बोलला.

आता माझ्या तोंडाला आजवर कधी कुलूप लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. थाप सुचंना. शोधली, पण एक पण सापडली नाय. तशी मग खरंच बोलावं लागलं, मला त्याची सवय नाय, घाम फुटला.

"मंगळे, तसं नाय गं. बोर्ड लावलाय तो कुणी गरिबानं लाजू नये म्हणून. तुला ते कुणी सांगितलं नाय, ही आमची चूक. पण दुसरी गोष्ट ऐक. ती माणसं सकाळपासनं येतात आणि बिस्किटावर दिवस काढतात. डॉक्टरीण उपाशी, सुरेखाताई उपाशी, सुनीलचं तर तोंड बघ, वाळलेल्या सुकटीसारखं झालंय. अशी किती दिवस येतील? चूल पेटवायला तिथं कोण नाय. मी पेटवली असती, पण माझी भाजी तू खाल्लीयस."

"खाल्लीय," मंगळी बोलली. "लावणीला. तीन दिवस पोट धरून होते."

"मग?"

ती जरा वेळ फडक्यावरच्या माश्या हाकलत राहिली. मग बोलली, "मी येईन. भोपळा येईल. भाजी माझ्या हातची होईल. ती कोटवाली पहिला घास खाईल, मग मी पाय दावीन. आधी नाय."

"पाय आधी दाव गं बाई, भाजी काय पळून जाते?"

"भाजी आधी."

वाघ्यानं बांबूला चादर बांधून झोळी केली. आमच्याकडं आजाऱ्याला डोंगरावरनं अशीच उतरवतात, जिथं टेंपो पोचत नाय तिथनं. टेंपो पोचला होता, पण त्यात भोपळा मावंना. मग मंगळी झोळीत बसली, भोपळा मांडीवर घेतला. म्हणजे भोपळा बसला आणि मंगळी त्याच्या मांडीवर, असं म्हणा. आठ बाप्ये लागले उचलायला. दर वळणावर खांदे बदलत होते. वाटेत एक रानडुक्कर आडवं आलं, त्यानं भोपळा बघितला, मान खाली घातली आणि बाजूला होऊन वाट दिली.

गिरणीत आलो तेव्हा ऊन कलत होतं. मी आधी सुरेखाताईला बाजूला घेतलं आणि जे ऐकलं होतं ते सांगितलं. सुतकाचं, हाताचं, सगळं. तिचं तोंड उतरलं. "अहो, मी तर तिच्याच भल्यासाठी…" एवढंच बोलली. मग तिनं पांढरा कोट काढला, खुंटीला लावला आणि जमिनीवर फतकल मारून बसली. "मावशी, कोयता द्या. साल मी काढते."

मंगळीनं तिला खालपासनं वरपर्यंत बघितलं. "जाड काढशील. पातळ काढायची."

"शिकवा मग."

तीन दगडांची चूल मांडली, शाळेतला मोठा टोप आणला. भोपळा कापला तेव्हा त्याच्यातनं राग असा फुस्सकन् निघाला की वाशांवरचा राहिलेला सगळा कोंडा खाली आला आणि कबुतरं थेट माथेरानला गेली. मी गुळाचे घारगे करूया बोलले. डॉक्टरणीनं डोळे वटारले.

"आजी! बाहेर अर्धे साखरेचे पेशंट बसलेत."

म्हणून भाजीच. कांदा, मिरची, मीठ. तांदळाची भाकरी घराघरातनं आली. डॉक्टरीण एकदा बोर्डाकडं बघत होती, एकदा टोपाकडं.

"बोर्ड काढायचा?" मी विचारलं.

"बोर्ड राहू द्या. डॉक्टर काही घेणार नाही," ती बोलली. "टोपाबद्दल बोर्डावर काही लिहिलेलं नाही."

पहिला घास सुरेखाताईनं खाल्ला. मंगळी तिच्या तोंडाकडं बघत बसलेली, मी मंगळीच्या. सुरेखाताईनं घास गिळला, डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? वाईट झाली?" मंगळी बोलली.

"मिरची किती घातलीत, मावशी?" आणि परत भाजी वाढून घेतली.

तेव्हा मंगळीनं लुगडं आवरलं आणि पाय पुढं केला. "घे. बघ."

डॉक्टरीण बराच वेळ बघत होती. मी गोष्ट नाय सांगितली. मग ती बोलली, "उशीर झालाय, पण हाताबाहेर नाही. रोज पट्टी लागेल. एक दिवस चुकवायचा नाही."

रोज कोण करणार, हा प्रश्नच आला नाय. एक दिवस मी, एक दिवस सुनीलची बायको नंदा, सुरेखाताईनं दोघींना शिकवलं. धाकलूशेटनं चपला आणून दिल्या, मऊ, रुंद. त्याचा हात कधी खिशात जात नाय, लोक त्या चपला बघायला आले. शिमगा होऊन गेला, मग जखम भरली. करंगळी जरा वाकडी राहिली, पण पाय मंगळीचा मंगळीकडंच हाय.

आता रविवारी गिरणीत पहिली तीच असते. टोप चुलीवर चढवते. येणारा ज्याला जमेल ते टोपात टाकतो, कोण मूठभर डाळ, कोण शेवग्याच्या शेंगा, कोण नुसती लाकडं आणतो, आणि ज्याच्याकडं कायी नाय तो पाणी भरतो. वाडीवरची माणसं डॉक्टरणीला जे सांगायला लाजतात ते तिला त्यांच्या बोलीत सांगतात. आणि कुणी जेवायला बसला की ती आधी दरडावते, "पाय दाव!" परवा तर धाकलूशेटला चपला काढायला लावल्या. टाचेला भेग निघाली. त्याला उचलून रांगेत बसवला, माझ्या पुढ्यात, अर्ध्या गोष्टीत.

तर अशी ही खरी गोष्ट. सुनील इथं बाजूलाच बसलाय आणि मघापासनं मला कोपर मारतोय. बरं बाबा, सांगते. एक गोष्ट मी वाढवून सांगितली. झोळी उचलायला आठ बाप्ये नव्हते, सातच होते. आठवा सुनील. तो बांबूला नुसता हात लावून "उचला रं, उचला रं" करत होता.

भोपळा मात्र म्हशीएवढाच होता.