बॉनेटवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना पॉलिशर आहे. मोटारीचा रंग घासून त्याला चमक आणणारं विजेचं यंत्र. तोंडाला लोकरीची गादी, दोन्ही बाजूंना मुठी, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री दचकून उठत. या आवाजाचा मला फार गर्व होता. आता त्याची लाज वाटते.

१९६१ साली मी बेंगळुरात जे. सी. रोडवरच्या एका दुकानात होतो. शेजारी एक लहान, हळू फिरणारा पॉलिशर होता. एक दिवस जयसिंगराव आले. चामराजपेटेत त्यांचं गॅरेज होतं. दुकानदारानं त्यांना स्पष्ट सांगितलं, "अण्णा, मोठा आहे तो बसच्या जाड रंगाला. कारला लहानच घ्या. तो चटकन थांबतो."

जयसिंगरावांनी आम्हा दोघांना चालवून पाहिलं. लहानग्याची गुणगुण ऐकून ते हसले. "हा काम करतोय की झोपलाय? गिऱ्हाइकाला स्वल्प आवाज नको ऐकू यायला?"

मी निवडला गेलो. निघताना मी लहानग्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पुढे खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी इथे प्रत्येक गाडीची, प्रत्येक यंत्राची पूजा होते, म्हणून गॅरेजात गाड्यांची रीघ लागली. चंद्राबाईंची काळी मोटारही आली. त्यांचे यजमान मल्हारराव त्याच वर्षी वारले होते. मागच्या खंडेनवमीला त्यांनी बॉनेटवर लावलेलं कुंकवाचं बोट रंगात मुरून तसंच राहिलं होतं.

"सगळी गाडी चमकवा, अण्णा," चंद्राबाई म्हणाल्या, "पण तेवढं कुंकू राहू द्या. माझ्या कपाळावरचं गेलं. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय."

"सरी, अक्का, तसंच करू. काळजी सोडा." जयसिंगरावांनी कुंकवावर फडका चिकटवला आणि मला सुरू केलं.

मी रंगात आलो होतो. फडक्याची कड माझ्या गादीत अडकली. जयसिंगरावांनी लगेच बटण बंद केलं, पण माझ्यासारख्या दांडग्याला थांबायला वेळ लागतो. लहानगा जागच्या जागी थांबला असता. फडका निघून पडला तेव्हा बॉनेट आरशासारखं लखलखत होतं. कुंकू नव्हतं. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

चंद्राबाई आल्या. बॉनेटवरून हात फिरवत त्या ती जागा शोधत राहिल्या.

"चुकलं, अक्का," जयसिंगराव मान खाली घालून म्हणाले. "मी पुन्हा लावून देतो."

"कुणाच्या बोटानं, अण्णा?"

त्या एवढंच बोलल्या आणि गाडीत बसून गेल्या.

खंडेनवमीला जयसिंगरावांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली आणि मला कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं. गाडी घेऊन चंद्राबाई तिला हार घालायला आल्या. त्यांना माझी मूठ दिसली.

"यालाही लावा कुंकू. सणाच्या दिवशी कुणाला वगळू नये. यंत्राला बिचाऱ्याला काय कळतंय?"

जयसिंगरावांनी माझ्या मुठीवर कुंकू लावलं. मला सगळं कळत होतं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर जयसिंगरावांनी तो लहानगा आणला आणि मी फळीवर गेलो. तो गुणगुणत काम करायचा आणि मी वरून बघायचो. मित्रांनो, चमक आणायची हौस चांगली, पण काही पुसण्याआधी ते कुणाचं आहे हे विचारा. आणि नाजूक कामाला हात निवडाल तो वेळेवर थांबणारा निवडा.

माझ्यावर धूळ साचली, तरी मुठीवरचं ते कुंकू अजून आहे. बॉनेटवरचं जे राहायला हवं होतं, ते मात्र मी राहू दिलं नाही.