अंगातलं

जीवनने उजवा हात खांद्याच्या रेषेत धरला, ठेक्यावर दंड आवळला आणि सोडला. हाताला झटका बसला. तो झटका त्याने कोपरातून मनगटात, मनगटातून बोटांत नेला. तेवढ्यात समोरच्या लिंबाखाली आई उभी दिसली. तिच्याबरोबर साखराबाई होती. म्हणजे प्रकरण इथवर आलं होतं.

वडवणीचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो. बाकीचे दिवस बाजारतळावरचे सिमेंटचे ओटे कुत्र्यांचे आणि जीवनचे. झेरॉक्सचं दुकान दुपारी तासभर बंद ठेवून तो इथे पॉपिंग, म्हणजे झटक्यांचा नाच, करायचा. मोबाईलवर बघून बघून, चार वर्षं, एकट्यानेच. डीजेपुढे नाचणारे गल्लीगल्लीत होते, पण हे असलं नाचणं कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. सुरुवातीला लोक हसले. पुढे हसायचाही त्यांना कंटाळा आला, आणि ते त्याला जास्त लागलं. अलीकडे मात्र वनमालाबाईच्या पोराला झटके येतात अशी बोलवा उठली होती, आणि बघता बघता झटक्यांचं वारं झालं होतं.

साखराबाईच्या अंगात दर शुक्रवारी देवी यायची. वारं कुणाचं, देवीचं की बाहेरचं, हे तिने एकदा सांगितलं की विषय मिटला.

"तुमीच बगा, आक्का," आई म्हणाली. "देवीचं असंल तर देवीचं करू. बाहेरचं काय असंल तर उतरवून टाका."

"तू जाय घरी, वनमाला. मी सांगते मागून."

आई गेली. साखराबाई शेजारच्या ओट्यावर बसली.

"कर."

"काय?"

"करत व्हतास ते."

जीवनला राग आला होता. पण चार वर्षांत त्याचं नाचणं कुणी बसून बघितलं नव्हतं, आणि रागापेक्षा तेच मोठं ठरलं. त्याने गाणं पुन्हा लावलं. मान, छाती, गुडघा, एकेक तुटत गेलं. मध्येच तो दुकानातल्या मशिनमध्ये कागद अडकतो तसा अडकला, जागच्या जागी थरथरला आणि अलगद सुटला.

गाणं संपलं.

"हे अडकून सुटायचं कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. माझंच हाय."

साखराबाई ओट्यावर पुढे सरकली.

"देवीचं वारं हाय म्हणून सांगते. उद्यापासून कुणी हासणार न्हाई. पाया पडायला येतील. तुझी आईबी सुखी."

गर्दी येईल म्हटल्यावर जीवनला मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"नको, मावशी. मग ते माझं ऱ्हाणार न्हाई."

साखराबाईने ओट्याच्या कडेवर बोटं वाजवली. तीन वेळा हलकेच, चौथ्याला जोरात.

"मलाबी असंच म्हणायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "सतरा वर्साची व्हते. हलगी ऐकून ऱ्हावलं न्हाई, नाचलते. सासू म्हणली, देवी आली. सगळे पाया पडले. मग कसं सांगावं?"

ती उठली, पदर झटकला आणि चालू लागली. तिचा निकाल संध्याकाळी घरी पोचला: पोरगं नाचतंय, दुसरं काय न्हाई. आईने भाकरी वाढताना तो सांगितला.

"नुस्तं नाचतंय म्हणं," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं.

शुक्रवारी जीवन पहिल्यांदाच आईबरोबर साखराबाईच्या अंगणात गेला. हलगी सुरू झाली, बाईचे केस सुटले आणि माणसं हात जोडून वाकली. वाकल्यावर कुणाला काय दिसणार? जीवन तेवढा ताठ उभा होता. साखराबाईचा डावा पाय ठेका धरत होता, दर चौथ्याला खांदा सुटत होता. या वयात तिचा तोल कुठे म्हणून जात नव्हता. इतकं चांगलं नाचणारं माणूस आपल्यापासून दोन गल्ल्यांवर होतं, आणि आपण चार वर्षं कुत्र्यांपुढे नाचलो.

तिने त्याला पाहिलं. हलगी वाढली, आणि साखराबाई अडकली, जागच्या जागी थरथरली आणि अलगद सुटली.

"आज लई जोरात आली बग देवी," शेजारी आई पुटपुटली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं.

जीवनने हात जोडले नाहीत. तो बघत राहिला.